लॉक फाइल उडवू नका: जावास्क्रिप्ट प्रोजेक्टमधली पॅकेज व्हर्जन कशी सांभाळायची

‘नोड मॉड्यूल्स उडव, लॉक फाइल उडव, पुन्हा इन्स्टॉल मार.’ प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल करताना एरर आली की टीममधलं कुणी ना कुणी हे सांगतंच. नोड मॉड्यूल्स म्हणजे ती पॅकेजेस जिथे उतरतात ते फोल्डर, आणि लॉक फाइल म्हणजे प्रत्येकाचं नेमकं कुठलं व्हर्जन बसलं आहे याची नोंद. बरेचदा एरर जातेही, म्हणून हा उपाय एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो. पण लॉक फाइल उडवली की प्रोजेक्टमधली शेकडो पॅकेजेस एका झटक्यात नव्या व्हर्जनवर जाऊ शकतात, आणि त्यातलं एकही कुणी तपासलेलं नसतं.

माझ्या एका जुन्या टीममध्ये शुक्रवारी संध्याकाळी हेच झालं. एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल अडकत होतं. त्याने लॉक फाइल उडवली, नवी तयार झाली, त्याचं काम सुरू झालं. पीआरमध्ये (आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) लॉक फाइलचा हजारो ओळींचा डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, होता. इतका मोठा डिफ कोण वाचणार? मीच तो अप्रूव्ह केला. सोमवारी बिलावरची तारीख एक दिवस मागे दिसू लागली. कारण सापडायला दोन दिवस गेले: तारखेचं एक छोटं पॅकेज बदललं होतं, आणि आमच्या पॅकेज.जेसनमध्ये, म्हणजे आपण थेट मागितलेल्या पॅकेजेसच्या यादीत, त्याचं नावही नव्हतं. दुसऱ्या पॅकेजच्या पोटातून ते आलं होतं.

पुढचे टप्पे एनपीएम हा पॅकेज मॅनेजर (पॅकेजेस उतरवून बसवणारं साधन) धरून लिहिले आहेत. यार्न आणि पीएनपीएम या दुसऱ्या पॅकेज मॅनेजरमधला फरक काही ठिकाणीच सांगितला आहे. आदेश उच्चारतो तसे लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीच्या रोमन अक्षरांत टाइप करायचे. टप्प्यांचा क्रम मात्र मोडू नका. बहुतेक गोंधळ आदेश चुकल्यामुळे होत नाही, योग्य आदेश चुकीच्या वेळी दिल्यामुळे होतो.

## टप्पा १: व्हर्जनला हात लावण्याआधीची तयारी

१. सगळ्यांचं नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) एकच करा. नोडसोबत एनपीएम येतं आणि प्रत्येक नोडसोबतचं एनपीएम वेगळं असतं. नोड १४ सोबत एनपीएम ६ यायचं, नोड २२ सोबत १० येतं, नोड २४ सोबत ११. एनपीएम ६ लॉक फाइलचा पहिला फॉरमॅट लिहायचं, ७ आणि ८ दुसरा लिहायचे, ९ पासून तिसरा आहे. टीममध्ये एकाकडे जुनं एनपीएम आणि दुसऱ्याकडे नवं असेल, तर एकही पॅकेज न बदलता लॉक फाइल प्रत्येक कमिटला पूर्ण उलटीपालटी होऊ शकते.

उपाय सोपा आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी ‘.एनव्हीएमआरसी’ फाइल ठेवा आणि तिच्यात नोडचं व्हर्जन लिहा. पॅकेज.जेसनमध्ये ‘इंजिन्स’ खाली तेच लिहा. एवढ्याने भागत नाही, कारण इंजिन्स जुळलं नाही तर एनपीएम फक्त वॉर्निंग देतं आणि वॉर्निंग कुणी वाचत नाही. म्हणून ‘.एनपीएमआरसी’ या एनपीएमच्या सेटिंग फाइलमध्ये ही ओळ घाला:

इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू

आता चुकीच्या नोडवर इन्स्टॉल होणारच नाही.

२. पॅकेज मॅनेजर एकच ठेवा. रिपॉझिटरीत पॅकेज-लॉक.जेसन आणि यार्न.लॉक दोन्ही दिसले तर थांबा. कुणीतरी एकदा यार्न वापरून गेलं आहे आणि आता दोन फाइली दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. सर्व्हरवर कुठली वापरली जाते ते बघा, दुसरी काढून टाका, आणि हे वेगळ्या कमिटमध्ये करा.

३. लॉक फाइल गिटमध्ये आहे ना? ‘.गिटइग्नोर’ उघडून बघा. ‘ऑटो जनरेट होणारी फाइल आहे’ म्हणून तिथे तिचं नाव टाकलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. इग्नोर करायचं ते नोड मॉड्यूल्स फोल्डर. लॉक फाइल कमिट झालीच पाहिजे.

४. आधी हिरवं, मग बदल. मेन ब्रँच ओढा, ‘एनपीएम सीआय’ (लॉक फाइलप्रमाणे इन्स्टॉल, टप्पा ३ बघा) चालवा, बिल्ड करा, टेस्ट चालवा. आत्ताच काही फुटत असेल तर ते आधी निस्तरा. नाहीतर अपग्रेडनंतर फुटलेलं नवं कुठलं आणि जुनं कुठलं, हे सांगता येणार नाही.

> तपासा: ‘गिट स्टेटस’ स्वच्छ आहे, टेस्ट पास आहेत, आणि ‘नोड -व्ही’चं उत्तर ‘.एनव्हीएमआरसी’शी जुळतं. यातलं एक जरी कमी असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: टोपी आणि लाट, म्हणजे व्हर्जन वाचणं

व्हर्जनचे तीन आकडे असतात: मेजर, मायनर, पॅच. ठरलेला अर्थ असा की मेजर वाढला तर जुना कोड मोडू शकतो, मायनर वाढला तर नवं काही आलं पण जुनं चालतं, पॅच वाढला तर फक्त दुरुस्ती आहे. पॅकेज.जेसनमध्ये आकड्याआधी चिन्ह येतं, आणि चुका तिथेच होतात.

- ^१.४.२ (टोपी) : १.४.२ पासून २.०.० च्या आतलं काहीही चालेल. इन्स्टॉल करताना एनपीएम आपणहून हीच टोपी लावतं.
- ~१.४.२ (लाट) : १.४.२ पासून १.५.० च्या आतलं. फक्त पॅच.
- १.४.२ : हेच, दुसरं नाही.

शून्यापासून सुरू होणाऱ्या व्हर्जनमध्ये टोपीचा अर्थ बदलतो. ^०.२७.२ म्हणजे ०.२८.० च्या आतलं, आणि ^०.०.३ म्हणजे फक्त ०.०.३. कारण शून्य मेजर असेपर्यंत पॅकेज स्थिर मानलं जात नाही, आणि मायनर बदल हाच मेजरसारखा धरला जातो. ‘टोपी आहे तरी अ‍ॅक्सिऑस पुढे का सरकत नव्हतं?’ या जुन्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. २०२२ मध्ये १.० येईपर्यंत हे पॅकेज शून्यावर होतं.

एक गोष्ट मनाशी पक्की धरा: हे आकडे म्हणजे पॅकेज लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे. तो पाळला जातोय का, हे एनपीएम तपासत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या पॅकेजच्या लेखकाने मुद्दाम अनंत लूप टाकलेलं व्हर्जन काढलं. त्याचा आकडा होता १.४.१. पॅच! ^१.४.० लिहिलेल्या आणि लॉक नसलेल्या प्रत्येक इन्स्टॉलमध्ये ते आपोआप शिरलं. टाइपस्क्रिप्टचं (टाइप तपासणी जोडलेली जावास्क्रिप्ट) वेगळं आहे. तिथे ५.६ वरून ५.७ वर जाताना टाइपच्या नव्या एरर येणं हे उघड सांगितलेलं धोरण आहे. म्हणून टाइपस्क्रिप्टला टोपी लावू नका, लाट लावा.

नेहमीची चूक: ‘आम्ही सगळ्या टोप्या काढल्या, आता व्हर्जन हलणार नाहीत.’ हलतील. तुमच्या पॅकेज.जेसनमध्ये तुम्ही थेट मागितलेली पंचवीस-तीस पॅकेजेस असतात. नोड मॉड्यूल्समध्ये शेकडो असतात, आणि त्यांच्या पॅकेज.जेसनमध्ये त्यांच्या टोप्या आहेत. त्या सगळ्यांना जागेवर धरते ती फक्त लॉक फाइल. नेमके आकडे लिहायला हरकत नाही, ‘.एनपीएमआरसी’मध्ये ‘सेव्ह-एक्झॅक्ट=ट्रू’ टाकलं की झालं. पण तो लॉक फाइलला पर्याय नाही.

## टप्पा ३: इन्स्टॉल कधी, सीआय कधी

हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, सावकाश वाचा.

पॅकेज.जेसन सांगते, ‘काय चाललं असतं’. लॉक फाइल सांगते, ‘नेमकं काय बसलं आहे’. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा आकडा असतो, ते कुठून उतरवलं तो पत्ता असतो, आणि ‘इंटेग्रिटी’ नावाची एक लांबलचक ओळ असते. ती त्या फाइलचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आहे. उतरवलेल्या फाइलचा हॅश जुळला नाही तर इन्स्टॉल थांबतं.

‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवलं की आधी लॉक फाइल बघितली जाते. तिच्यातले आकडे पॅकेज.जेसनच्या मर्यादेत बसत असतील तर तेच बसवले जातात. इन्स्टॉल म्हणजे दर वेळी लेटेस्ट, हा समज चुकीचा आहे. पण दोन्ही फाइली जुळत नसतील तर इन्स्टॉल गुपचूप लॉक फाइल बदलतं आणि पुढे जातं.

‘एनपीएम सीआय’ असं करत नाही. ते आधी नोड मॉड्यूल्स पूर्ण काढतं, लॉक फाइलमध्ये आहे तेच अक्षरशः बसवतं, आणि दोन फाइली जुळत नसतील तर एरर देऊन थांबतं. लॉक फाइलला ते कधीही हात लावत नाही.

यावरून नियम असा निघतो:

१. पॅकेज बदलायचं असेल तेव्हा ‘एनपीएम इन्स्टॉल’, आणि तेही नाव व आकडा लिहून.
२. बाकी सगळीकडे ‘एनपीएम सीआय’: नवा माणूस रुजू झाला, ब्रँच बदलली, बिल्ड सर्व्हर, डॉकर (अ‍ॅप बंदिस्त कंटेनरमध्ये चालवणारं साधन), प्रॉडक्शन.

डॉकरमध्ये आणखी एक चूक होते. लॅपटॉपवरचं नोड मॉड्यूल्स फोल्डर सरळ कंटेनरमध्ये कॉपी होतं. मॅकवर बसवलेलं ईएसबिल्ड किंवा शार्पसारखं पॅकेज लिनक्सवर चालत नाही, कारण त्यात त्या-त्या मशीनसाठी कंपाइल केलेली फाइल असते. ‘.डॉकरइग्नोर’मध्ये नोड मॉड्यूल्स लिहा. मग डॉकरफाइलमध्ये आधी फक्त पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल कॉपी करा, सीआय चालवा, आणि त्यानंतर बाकीचा कोड आणा. पॅकेजेस बदलली नसतील तर डॉकर ती पायरी कॅशमधून घेईल आणि वेळही वाचेल.

> सावधान: ‘सीआय फेल होतंय, म्हणून पाइपलाइनमध्ये इन्स्टॉल लिहिलं’ असं करू नका. सीआय फेल झालं याचा अर्थ कुणीतरी पॅकेज.जेसन हाताने बदलली आणि लॉक फाइल कमिट केली नाही. ती कमिट करा.

## टप्पा ४: काय जुनं झालंय ते बघा, लगेच काही करू नका

‘एनपीएम आउटडेटेड’ चालवा. तीन रकाने महत्त्वाचे आहेत: करंट म्हणजे आत्ता बसलेलं, वाँटेड म्हणजे तुमच्या टोपीत बसणारं सगळ्यात नवं, लेटेस्ट म्हणजे रजिस्ट्रीवर (पॅकेजेस जिथून उतरतात तो साठा) ‘लेटेस्ट’ असा शिक्का असलेलं.

ही यादी कागदावर किंवा तिकिटात उतरवा आणि तिचे तीन गट करा: करंट आणि वाँटेड वेगळं असलेले (किरकोळ); फक्त टेस्ट, लिंट, फॉरमॅटसाठी लागणारे (साधनं, म्हणजे डेव्ह डिपेन्डन्सीज); आणि मेजर उडी लागणारे. अपग्रेडही याच क्रमाने करायचा. किरकोळ आधी, साधनं नंतर, मेजर शेवटी.

मेजर शेवटी का? कारण मेजर चढवताना काही फुटलं, की संशयित एकच हवा.

## टप्पा ५: एक पॅकेज, एक कमिट

ब्रँच काढा. किरकोळ गटासाठी ‘एनपीएम अपडेट’ आणि पुढे पॅकेजचं नाव. नाव न देता चालवलं तर सगळंच हलतं, ते टाळा. एनपीएम ७ पासून अपडेट केल्यावर पॅकेज.जेसनमधला आकडा आपोआप बदलत नाही, फक्त लॉक फाइल बदलते. ‘अपडेट केलं पण काहीच झालं नाही’ असं वाटतं ते यामुळे. तो आकडाही वाढवायचा असेल तर शेवटी ‘--सेव्ह’ जोडा.

दर पॅकेजला हा फेरा:

१. त्या पॅकेजची चेंजलॉग (बदलांची नोंदवही) वाचा. करंटपासून जायचंय तिथपर्यंतची सगळी, फक्त शेवटची नोंद नाही.
२. आकडा लिहून इन्स्टॉल करा: ‘एनपीएम इन्स्टॉल पॅकेजचं-नाव@५.२.०’. ‘@लेटेस्ट’ लिहिलंत तर उद्या तोच आदेश वेगळं काही बसवेल.
३. टाइप तपासणी, टेस्ट, बिल्ड, आणि एकदा डोळ्यांनी स्क्रीन बघणं.
४. ‘गिट डिफ’मध्ये लॉक फाइल बघा. प्रत्येक ओळ वाचायची गरज नाही. फक्त किती पॅकेजेस हलली ते बघा. एक पॅकेज बदलायला गेलात आणि दीडशे हलली, तर काहीतरी चुकलंय. बहुधा एनपीएमचं व्हर्जन वेगळं आहे, टप्पा १ कडे परत जा.
५. दोन्ही फाइली एकाच कमिटमध्ये टाका. मेसेजमध्ये जुना आणि नवा आकडा लिहा.

हे रटाळ वाटतं, मान्य. पण दोन आठवड्यांनी काही फुटलं तर ‘गिट बायसेक्ट’ (बिघाड कुठल्या कमिटने आला ते शोधणारा आदेश) थेट त्या एका कमिटवर बोट ठेवतं. वीस पॅकेजेस एका कमिटमध्ये असतील तर बायसेक्टही हात टेकतं.

काही पॅकेजेस मात्र जोडीने किंवा झुंडीने चढवावी लागतात. रिअ‍ॅक्ट आणि रिअ‍ॅक्ट-डॉम (स्क्रीन बनवणारी लायब्ररी आणि तिची जोडीदार) एकाच आकड्यावर हवीत, आणि त्यांच्या टाइप्सची पॅकेजेस त्याच मेजरची. बेबल, स्टोरीबुक, अँग्युलर यांची कुटुंबंही एकत्रच हलवा. अर्धं कुटुंब नवं आणि अर्धं जुनं राहिलं की येणाऱ्या एररचा मूळ कारणाशी संबंधच लागत नाही.

## टप्पा ६: मेजर अपग्रेड आणि ‘ई-रिझॉल्व्ह’ची लाल भिंत

एनपीएम ७ पासून पीअर डिपेन्डन्सीज (एखाद्या पॅकेजला तुमच्या प्रोजेक्टमध्ये सोबत हवी असलेली पॅकेजेस) आपोआप बसतात, आणि जुळल्या नाहीत तर इन्स्टॉल थांबतं. ‘ई-रिझॉल्व्ह’ या एररचा पडदाभर लाल मजकूर येतो. घाबरून न जाता त्यातल्या दोनच ओळी शोधा. समजा रिअ‍ॅक्ट १९ वर गेलात आणि प्रोजेक्टमध्ये कॅलेंडर दाखवणारं एक जुनं पॅकेज आहे. मजकुरात असं दिसेल:

फाउंड: रिअ‍ॅक्ट@१९.०.०
पीअर रिअ‍ॅक्ट@"^१७.०.० || ^१८.०.०" फ्रॉम …

पहिली ओळ सांगते, तुमच्याकडे काय आहे. दुसरी सांगते, कुणाला काय हवं आहे. ‘फ्रॉम’च्या पुढे ज्याचं नाव, अडवणारा तो. रिअ‍ॅक्टचं काही चुकलेलं नाही. कॅलेंडरवाल्याने १९ वर चालतं असं अजून लिहिलेलं नाही, इतकंच.

आता या क्रमाने जा:

१. अडवणाऱ्या पॅकेजचं नवं व्हर्जन आहे का बघा: ‘एनपीएम व्ह्यू पॅकेजचं-नाव पीअरडिपेन्डन्सीज’. लेटेस्टमध्ये १९ ची सोय असेल तर आधी ते चढवा, मग रिअ‍ॅक्ट.
२. सोय नसेल तर ते पॅकेज अजून जिवंत आहे का, शेवटचं रिलीज कधीचं, ते बघा. सोडून दिलेलं असेल तर बदली शोधणं हेच काम आहे, आणि ते रिअ‍ॅक्टच्या अपग्रेडच्या आधीचं काम आहे.
३. पॅकेज प्रत्यक्षात चालतं, फक्त लेखकाने मर्यादा वाढवलेली नाही, अशी तुमची खात्री असेल, म्हणजे तुम्ही ते स्क्रीन स्वतः चालवून पाहिले असतील, तर पॅकेज.जेसनमध्ये त्या एका पॅकेजपुरतं ‘ओव्हरराइड्स’ लिहा. ते पुढच्या टप्प्यात आहे.

> सावधान: एरर मजकुराच्या शेवटी एनपीएम स्वतःच ‘--फोर्स’ किंवा ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ सुचवतं. लेगसीने पीअरची तपासणी सगळ्याच पॅकेजेससाठी बंद होते, आणि ‘.एनपीएमआरसी’मध्ये एकदा टाकलं की कायमची. पुढे खरी विसंगती आली तरी कुणी सांगणार नाही.

जबरदस्तीने बसवल्याचा परिणाम कधी कधी आठवड्याने दिसतो. प्रोजेक्टमध्ये रिअ‍ॅक्टच्या दोन प्रती शिरतात आणि ‘इनव्हॅलिड हुक कॉल’ येतो. माणसं आपल्या हुकमध्ये (रिअ‍ॅक्टचं खास फंक्शन) चूक शोधत बसतात. ती एरर दिसली की आधी ‘एनपीएम एलएस रिअ‍ॅक्ट’ चालवा. दोन वेगळे आकडे दिसले तर तुमच्या कोडला दोष देऊ नका.

मेजर उडी कधीकधी कोडच्या नाही, मॉड्यूलच्या प्रकारावर आपटते. चॉक ५ आणि नोड-फेच ३ ही पॅकेजेस फक्त ईएस मॉड्यूल (‘इम्पोर्ट’ने आणायचा नवा प्रकार) म्हणून येतात. जुन्या नोडवर ‘रिक्वायर’ने (मागवण्याची जुनी पद्धत) ती मागवली की ‘ई-आर-आर रिक्वायर ईएसएम’ मिळते. नोड २२.१२ पासून रिक्वायरने ईएस मॉड्यूल आणता येतं. म्हणजे इथे पॅकेज चढवण्याआधी नोड चढवावं लागेल, किंवा चॉक ४ वर थांबावं लागेल. थांबण्यात कमीपणा नाही. का थांबलो ते मात्र लिहून ठेवा.

## टप्पा ७: पोटातलं पॅकेज

अडचण तुम्ही मागितलेल्या पॅकेजमध्ये नसून त्याच्या पोटातल्या पॅकेजमध्ये असेल, तर आधी ते कुणी आणलं ते शोधा: ‘एनपीएम एक्सप्लेन पॅकेजचं-नाव’. उत्तर खालून वर वाचा. कुणी कुणाला मागितलं, अशी साखळी दिसते.

पहिला उपाय म्हणजे साखळीच्या टोकाचं, तुम्ही थेट मागितलेलं पॅकेज चढवणं. बरेचदा तेवढ्याने भागतं. ते शक्य नसेल तरच पॅकेज.जेसनमध्ये ‘ओव्हरराइड्स’, म्हणजे पोटातल्या पॅकेजवर आपला आकडा लादणं. एनपीएम ८.३ पासून ते आहे, यार्नमध्ये त्याला ‘रिझोल्यूशन्स’ म्हणतात. लिहिताना शक्य तितकं अरुंद लिहा: ‘अमुक पॅकेजच्या आतलं तमुक या आकड्यावर’ असं. सगळ्या प्रोजेक्टभर आकडा लादला, तर ज्यांना जुना मेजर हवा होता त्यांनाही नवा मिळतो, आणि ते चालू असताना कोसळतात.

तुम्ही थेट मागितलेल्या पॅकेजवर वेगळा आकडा ओव्हरराइड करता येत नाही, एनपीएम एरर देतं. आणि ओव्हरराइड्स फक्त मुळाच्या पॅकेज.जेसनमधलेच चालतात. तुम्ही लायब्ररी लिहीत असाल तर तुमचे ओव्हरराइड्स वापरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. तुमची लॉक फाइलही पोहोचत नाही. म्हणून लायब्ररीत मर्यादा सैल ठेवा, आणि रिअ‍ॅक्टसारखी गोष्ट पीअरमध्ये ठेवा.

> तपासा: प्रत्येक ओव्हरराइडसाठी एक तिकीट आहे का, आणि तो कधी काढायचा ते त्यात लिहिलंय का? जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी तो का होता हे कुणालाच माहीत नसतं.

## टप्पा ८: ऑडिट

‘एनपीएम ऑडिट’ पॅकेजेसमधले माहीत असलेले सुरक्षा दोष मोजतं. त्याचा आकडा बघून दचकू नका. आधी ‘--ओमिट=डेव्ह’ लावून बघा, म्हणजे फक्त प्रॉडक्शनमध्ये जाणारं उरेल. नंतर प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा: हा कोड माझ्याकडे बाहेरून आलेल्या डेटावर चालतो का?

‘एनपीएम ऑडिट फिक्स’ टोपीच्या आत राहतं, ते वेगळ्या ब्रँचवर चालवायला हरकत नाही. ‘एनपीएम ऑडिट फिक्स --फोर्स’ मात्र कधीच चालवू नका. ते मेजर उड्या मारतं, आणि कधीकधी पॅकेज उलट खालच्या मेजरवर नेतं.

## टप्पा ९: लॉक फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट

दोघांनी दोन पॅकेजेस चढवली की फाइलमध्ये एकाच जागी दोघांचे बदल भिडतात, हे होणारच. हाताने ओळी निवडत बसू नका. लॉक फाइल हाताने जुळवण्यासाठी नाहीच.

१. आधी पॅकेज.जेसनमधला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा. दोन्ही बाजूंचे हवे ते आकडे ठेवा.
२. लॉक फाइल मेन ब्रँचवरची घ्या.
३. ‘एनपीएम इन्स्टॉल --पॅकेज-लॉक-ओन्ली’ चालवा. तुमच्या बाजूचा बदल तेवढा लॉकमध्ये मिसळेल, बाकी जागेवर राहील.
४. ‘एनपीएम सीआय’, टेस्ट, मग कमिट.

बहुतेक जण इथेही लॉक फाइल उडवूनच मोकळे होतात. वरच्या चार पायऱ्यांना पाच मिनिटं लागतात.

लॉक फाइल उडवावी लागते असा एक खरा प्रसंग आहे, तो सांगितला नाही तर लेख अपुरा राहील. रोलअप (कोड एकत्र बांधणारं पॅकेज) वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये ‘रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू सापडत नाही’ अशी एरर येते. एनपीएममधल्या ऑप्शनल डिपेन्डन्सीजच्या (बसली नाहीत तरी इन्स्टॉल न थांबवणारी पॅकेजेस) दोषामुळे एका मशीनवर बनलेल्या लॉक फाइलमधून दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या नोंदी गळतात. त्या एररमध्येच लॉक फाइल आणि नोड मॉड्यूल्स दोन्ही काढून पुन्हा इन्स्टॉल करा, असं लिहिलेलं असतं. तेव्हा करा, पण वेगळ्या पीआरमध्ये, दुसरा कुठलाही बदल न मिसळता. आणि हा मोठा अपग्रेड आहे असं समजून पूर्ण टेस्टिंग करा.

## टप्पा १०: नवं व्हर्जन थोडं शिळं होऊ द्या

८ सप्टेंबर २०२५ रोजी चॉक आणि डीबग धरून अठरा पॅकेजेसची बाधित व्हर्जन रजिस्ट्रीवर चढली. लेखकाला बनावट ईमेल पाठवून त्याचं खातं बळकावलं गेलं होतं. ब्राउझरमध्ये क्रिप्टो व्यवहारांचे पत्ते बदलणारा कोड त्यात होता. साधारण दोन तासांत ती व्हर्जन हटवली गेली. ज्यांच्याकडे लॉक फाइल होती आणि जे सीआय वापरत होते, त्यांच्याकडे त्या दोन तासांत जुनीच व्हर्जन बसत राहिली.

म्हणून आज निघालेलं व्हर्जन आजच घेऊ नका. आठवडाभर थांबलात तर अशा बहुतेक गोष्टी तोवर उघड होतात. पीएनपीएममध्ये १०.१६ पासून ‘मिनिमम-रिलीज-एज’ची सोय आहे, आकडा मिनिटांत लिहायचा. एनपीएममध्ये ‘--बिफोर’ला तारीख देता येते. डिपेन्डाबॉट किंवा रेनोव्हेट ही अपग्रेड सुचवणारी साधनं आपोआप पीआर काढत असतील तर त्यांनाही थांबण्याचा काळ ठरवून द्या, आणि ऑटो मर्ज फक्त डेव्ह डिपेन्डन्सीजच्या पॅचपुरतं ठेवा. सुरक्षेची तातडीची दुरुस्ती एवढाच अपवाद.

इन्स्टॉल होतानाच स्क्रिप्ट चालवणारी पॅकेजेस हा दुसरा दरवाजा. पीएनपीएम १० ती आपणहून चालवत नाही. एनपीएममध्ये ‘इग्नोर-स्क्रिप्ट्स=ट्रू’ लिहावं लागतं, आणि मग ज्यांना खरोखर गरज आहे त्यांची स्क्रिप्ट ‘एनपीएम रीबिल्ड’ने, इग्नोर-स्क्रिप्ट्स तेवढ्यापुरतं फॉल्स करून, वेगळी चालवावी लागते.

## मागे फिरायची वेळ आली तर

अपग्रेड प्रॉडक्शनला गेला आणि फुटला. इथली चूक सगळ्यात महाग पडते, कारण तेव्हा सगळे घाईत असतात. पॅकेज.जेसनमधला आकडा ५ वरून ^४.२.० करायचा, इन्स्टॉल मारायचं, पुश करायचं, असं होतं. पण लॉकमध्ये ५ होतं. ते आता मर्यादेत बसत नाही, म्हणून एनपीएम ४ मधलं सगळ्यात नवं आणतं. तुम्ही काल चालवत होतात ते ४.२.० असेल, आज ४.९.१ बसलेलं असेल. मागे गेलो असं वाटतं, प्रत्यक्षात तिसऱ्याच जागी पोचलेलो असतो.

बरोबर पद्धत अशी. एक पॅकेज एक कमिट केलं असेल तर ‘गिट रिव्हर्ट’ पुरे. नसेल तर शेवटच्या चालत्या कमिटमधून पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल दोन्ही एकत्र परत आणा. मग ‘एनपीएम सीआय’. मग ‘एनपीएम एलएस’ आणि पुढे त्या पॅकेजचं नाव. पडद्यावर जुना आकडा अंकासकट जुळलेला दिसला, की मगच डिप्लॉय करा.